दुभाषी म्हणून उभा असताना आरोपीने मलाच विचारले : "हो म्हटले तर सोडतील का?"

गलाईवाला, विटा

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. आमच्या भागात घरटी एखादा तरी माणूस गलाईच्या धंद्यानिमित्त परमुलखात असतो. मीही २३ वर्षे पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या बहरमपूरला सोने-चांदी गाळण्याचे दुकान चालवले आणि आता धंदा मुलाच्या हाती देऊन गावी राहतो. मला बंगाली येते हे इकडे सर्वांना ठाऊक असल्यामुळे गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यातून बोलावणे आले, आणि तिथून पुढे न्यायालयात दुभाषी म्हणून उभे राहण्याची वेळ आली.

आरोपी पंचविशीतला मुलगा, बेदाण्याच्या शेडवर कामाला होता. सोबतच्या मजुराचा मोबाइल चोरल्याची तक्रार झाली, पोलिसांनी कागदपत्रे मागितली, त्याच्याकडे आधार कार्डाच्या एका धूसर फोटोखेरीज काहीच निघाले नाही, आणि चोरीच्या जोडीला परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याचे कलमही लागले. तो स्वतःला जलंगीच्या बाजूचा, म्हणजे मुर्शिदाबादचाच म्हणवतो. ठाण्यात मला विचारण्यात आले, "हा पाण्याला 'जोल' म्हणत नाही, 'पानी' म्हणतो, म्हणजे बांगलादेशीच ना?" मी सांगितले की जलंगी, डोमकल या भागातली मुसलमान कुटुंबेही 'पानी'च म्हणतात, माझ्या दुकानात भट्टीवर बसणारा कारागीर तसेच म्हणत असे आणि त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच होत्या. माझे हे म्हणणे कागदावर आले की नाही, ते मला ठाऊक नाही.

खरी अडचण पुढची आहे. न्यायालयात आरोप वाचून दाखवल्यावर गुन्हा कबूल आहे का, असे विचारले गेले. मी ते बंगालीत सांगितले. मुलाने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे न बघता हळू आवाजात मलाच विचारले, "चाचा, हँ बोल्ले छेडे देबे?" म्हणजे हो म्हटले तर सोडतील का? मी गोंधळलो आणि "मला नको विचारू, साहेबांना उत्तर दे" एवढे पुटपुटलो. तो काही क्षण माझ्या तोंडाकडे बघत राहिला. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या ते ध्यानात आले असावे, कारण त्यांनी आरोपीला वकील आहे का याची चौकशी केली, नाही म्हटल्यावर मोफत वकील मिळवून देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला कळवण्यास सांगितले आणि पुढची तारीख दिली.

त्या दिवसापासून मला स्वस्थता नाही. त्याला मी काय उत्तर द्यायला हवे होते? तो "हो" म्हणाला असता तर पुढे काय घडले असते? आणि ज्याच्याजवळ कागदच नाहीत अशा माणसाला आपल्या न्यायालयात तुमच्या-आमच्यासारखीच वागणूक मिळते, की त्याच्यासाठी कायदा वेगळा आहे?

वकील, मिरज

काका, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात. राज्यघटनेने काही हक्क 'नागरिकां'ना दिले आहेत आणि काही कोणत्याही 'व्यक्ती'ला. कायद्यापुढे समानता आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य हे अनुच्छेद १४ आणि २१ मधले हक्क व्यक्तीचे आहेत. देशात कोठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा अनुच्छेद १९ मधला हक्क मात्र नागरिकाचाच आहे. रोहिंग्यांच्या प्रकरणात एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच रेघ ओढली आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर खटला निष्पक्षपणे चालवून घेण्याचा त्या मुलाचा हक्क तुमच्या-माझ्याइतकाच आहे. तो परदेशी ठरल्यास इथे राहू देण्याचा हक्क मात्र त्याला नाही.

आता त्याच्यावरचे दोन आरोप एकाच दोषारोपपत्रात असले, तरी मनात ते वेगळे ठेवा. चोरीचे कलम भारतीय न्याय संहितेतले ३०३(२) आहे. मोबाइल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपीचा तो पहिलाच गुन्हा असेल आणि वस्तू परत केली असेल, तर या कलमात शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितलेली आहे. म्हणजे याच शेडवरचा एखादा जतचा किंवा आटपाडीचा मुलगा अशा आरोपाला "हो" म्हणून संध्याकाळच्या एसटीने घरी जाऊ शकला असता. दुसरा आरोप तसा नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परकीय नागरिक कायदा आणि त्याच्यासोबतचे आणखी तीन कायदे जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू झाला आहे, आणि वैध कागदपत्रांशिवाय देशात प्रवेश केल्यास त्याच्या कलम २१ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

त्या मुलाचा "हो" दोन्ही आरोपांना लागू पडला असता. फौजदारी खटला कसा चालवायचा हे सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २६४ प्रमाणे कबुली नोंदवून न्यायदंडाधिकारी आरोपीला दोषी ठरवू शकतात. इथे शब्द "ठरवू शकतात" असा आहे, "ठरवलेच पाहिजे" असा नाही, आणि कबुली समजून-उमजून दिली आहे असे वाटले तरच ती स्वीकारायची असते. समजा ती स्वीकारली. मग शिक्षा होते, कच्च्या कैदेतले, म्हणजे निकालाआधी तुरुंगात काढलेले दिवस त्याच संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे त्यातून वजा होतात, आणि आरोपीला वाटते की सुटलो. पण सुटकेच्या दिवशी तुरुंगाचे दार त्याला घरी जाण्यासाठी उघडत नाही. तो परत पाठवणी करणाऱ्या यंत्रणेच्या ताब्यात जातो. परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच अत्यंत व्यापक ठरवला आहे. समोरच्या देशाने "हा आमचाच" असे कळवेपर्यंत त्याला ताब्यात बसून राहावे लागते, आणि त्या दिवसांची गणती कोणत्याही शिक्षेत नसते.

आणि तो खरोखरच जलंगीचा असेल तर? ही निव्वळ कल्पना नव्हे. दिल्लीत पकडून जून २०२५ मध्ये सीमेपलीकडे पाठवलेल्या बीरभूम जिल्ह्यातल्या एका गरोदर बाईला परत आणण्याचा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये दिला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर डिसेंबरमध्ये ती परत आली. तिने कबुलीवर अंगठा उठवला असता तर हे किती अवघड झाले असते, याचा विचार करा.

'पानी'बद्दल तुम्ही बोललात ते योग्यच केलेत. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार या कायद्यात आरोपीवर असतो, जुन्या कायद्यात तो कलम ९ मध्ये होता. परंतु आसामच्या एका प्रकरणात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की आधी सरकारने संशयाला काही ठोस आधार दाखवला पाहिजे, त्याशिवाय हा भार कोणाच्याही डोक्यावर ठेवता येत नाही. पाण्याला कोण काय म्हणतो, हा असा आधार मानावा असे मला वाटत नाही.

राहिला तुमचा पहिला प्रश्न. तुम्ही सल्ला द्यायचा नव्हता, तो दिला नाहीत, इथपर्यंत ठीक. पण तुम्ही त्याचा प्रश्न गिळलात. आरोपीच्या पिंजऱ्यातून आलेले प्रत्येक वाक्य कामकाजाचा भाग असते आणि दुभाष्यावर खरे भाषांतर करण्याचे कायद्याने बंधन असते. तुम्ही मोठ्याने म्हणायला हवे होते, "साहेब, आरोपी विचारतो आहे की हो म्हटले तर सोडतील का?" हे कानावर पडल्यावर हा मुलगा गुन्ह्याची कबुली देत नसून सुटकेची वाट विचारतो आहे, हे ओळखायला कोणत्याही न्यायदंडाधिकाऱ्याला क्षणही लागला नसता.

द्राक्षबागायतदार, पलूस

वकील मॅडम, मूळ विषयाला धरूनच एक शंका विचारतो. छाटणीला आणि शेडवर बाहेरची माणसे आल्याखेरीज आमचे काम होत नाही, आणि आम्ही प्रत्येकाच्या आधार कार्डाची प्रत ठेवतो. मग या मुलाचे आधार पुरेसे का नाही?

वकील, मिरज

दादा, आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलेले आहे. ठाणे शहरातल्या एका प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही असे सांगून जामीन नाकारला होता. तुम्ही प्रत ठेवता ते तुमच्या बाजूने चांगलेच आहे, पण त्याचा उपयोग तेवढ्यापुरताच. या मुलाच्या बाबतीत आई-वडिलांची जुन्या मतदार यादीतली नावे, शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा असे काही त्याच्या गावाहून मिळते का, हे पाहावे लागेल.

माजी शिरस्तेदार, सातारा

मी न्यायालयीन सेवेत ३४ वर्षे काढली आहेत आणि मला इथला सूर थोडा एकांगी वाटतो. विनापरवाना देशात शिरणे हा संसदेने ठरवलेला गुन्हा आहे. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे, पोलीस आणि तुरुंग राज्याकडे, पण परदेशी नागरिक हा विषय केंद्राचा. म्हणून खटला आपल्या तालुक्याच्या न्यायालयात चालत असला तरी त्यामागे देशाच्या सीमेचा प्रश्न आहे, हे विसरून चालणार नाही. दुभाष्याच्या अंतःकरणात कालवाकालव झाली म्हणून कायद्याने मऊ व्हावे, असे मला वाटत नाही.

मात्र कामकाजाच्या रीतीबद्दल वकीलबाईंशी मी सहमत आहे, आणि त्यात माझ्या अनुभवाची थोडी भर घालतो. किरकोळ गुन्ह्यात "भोगलेली कोठडी हीच शिक्षा" असा हुकूम होऊन आरोपी त्याच दिवशी सुटलेले मी शेकड्यांनी पाहिले आहेत, आणि कच्च्या कैद्यांच्या बराकीत ही माहिती वाऱ्यासारखी पसरते. जुने कैदी नव्याला सांगतात, "हो म्हण, सुटशील." त्या मुलाचा प्रश्न बहुधा तिथूनच आला असणार. बराकीतल्या त्या सल्लागारांना परकीय नागरिकांचा कायदा ठाऊक नसतो.

जामिनाचेही तसेच. कागदावर त्याला जामीन मिळण्याची वाट तुमच्या-आमच्याइतकीच मोकळी आहे, पण प्रत्यक्षात न्यायालय स्थानिक जामीनदार मागते, जामीनदाराचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती मागते, कधी तहसीलदारांचा ऐपतदाखला मागते. बेदाण्याच्या शेडवर चार महिने राबलेल्या परक्या पोरासाठी आपला सातबारा कोण घालणार? खालच्या न्यायालयाने नाकारल्यावर उच्च न्यायालयात जायचे म्हटले, तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला फिरत्या खंडपीठाचे (सर्किट बेंचचे) कामकाज सुरू झाल्याने सातारा-सांगलीकरांची मुंबईची खेप वाचली आहे, हा एक दिलासा.

गलाईवाले, तुम्हाला एकच सांगतो. पुढच्या तारखेला आरोपीने असा काही प्रश्न विचारला तर त्याचे भाषांतर करा आणि ते रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, घ्यावे अशी विनंती करा. रोजनाम्यात नसलेली गोष्ट अपिलात घडलेलीच नसते.

आणखी एक. आरोपी परदेशी असेल तर त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क त्याला सांगितला पाहिजे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६ आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. कुलभूषण जाधव यांच्यामुळे ते आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी पोचले आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानला याच कलमाच्या भंगाबद्दल दोषी धरले. जो हक्क आपण आपल्या माणसासाठी हेगला जाऊन मागितला, तो आपल्या तालुक्याच्या न्यायालयात दुसऱ्याला नाकारता येणार नाही, इतका न्याय मलाही कळतो.

वकील, मिरज

शिरस्तेदार साहेब, वकिलातीचा मुद्दा मोलाचा आहे, पण या प्रकरणात तो जपून वापरावा लागेल. आरोपी स्वतःला भारतीय म्हणवत असताना त्याच्या वतीने बांगलादेशच्या उच्चायुक्तालयाला पत्र गेले, तर ते पत्रच उद्या त्याच्याविरुद्ध वाचले जाईल. हक्क सांगायचा आणि त्याने मागणी केली तरच कळवायचे, हा क्रम त्या कलमातच आहे.

एक राहिले होते. अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सांगितले आहे. या मुलाला कारणे कोणत्या भाषेत दिली गेली, हे लोकअभिरक्षकांनी, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाकडून त्याला मिळणाऱ्या वकिलांनी, पहिल्याच भेटीत तपासायला हवे.

कराडकर, सध्या कॅलिफोर्निया

मी मूळचा कराडचा. इथल्या न्यायालयांत हिंदीचा दुभाषी म्हणून काम करतो, म्हणून हा धागा वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही.

अमेरिकेची मांडणी आपल्याहून उलटी आहे. इथे चोरी, मारामारी, दारू पिऊन गाडी चालवणे हे गुन्हे राज्यांच्या कायद्याखाली राज्यांच्या न्यायालयांत चालतात, आणि स्थलांतराचा कायदा पूर्णपणे केंद्राच्या हाती आहे. ॲरिझोना राज्याने २०१० मध्ये त्यात हात घालून पाहिला, तेव्हा २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची वादातली चारपैकी तीन कलमे रद्द केली आणि देशात विनाकागद असणे हा एरवी स्वतःहून फौजदारी गुन्हा नाही, हेही नमूद केले. चोरून सीमा ओलांडणे हा मात्र केंद्राच्या कायद्याखाली गुन्हा आहे. आपल्याकडे एकच न्यायदंडाधिकारी दोन्ही आरोप ऐकतो. इथे चोरीचा निकाल एका इमारतीत लागतो आणि त्याचा खरा फटका दुसऱ्या इमारतीत बसतो. पहिल्या इमारतीत गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तो १९६३ पासूनचा हक्क आहे. दुसरीत, म्हणजे स्थलांतर न्यायालयात, वकील हवा असेल तर स्वतःच्या पैशाने आणावा लागतो.

त्यामुळे "हो म्हटले तर सोडतील का?" हा प्रश्न इथेही रोजचाच आहे. केंटकी राज्यात एका ट्रकचालकाला मालवाहू गाडीत गांजा सापडल्याच्या खटल्यात त्याच्या वकिलाने सांगितले की तू इतकी वर्षे इथे आहेस, कबूल केलेस तरी तुझ्या वास्तव्याला धोका नाही. तो चाळीसहून अधिक वर्षे कायदेशीरपणे इथे राहिलेला, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेकडून लढलेला माणूस होता, आणि त्या कबुलीमुळेच त्याची हद्दपारी जवळपास अटळ झाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कबुलीचा हद्दपारीवर काय परिणाम होईल हे आरोपीला सांगणे बचावाच्या वकिलाचे घटनात्मक कर्तव्य आहे. कॅलिफोर्नियात तर त्याच्या कितीतरी आधीपासून दंड संहितेच्या कलम १०१६.५ प्रमाणे न्यायाधीशाला कबुली घेण्यापूर्वी तशी सूचना स्वतः वाचून दाखवावी लागते, आणि ती दिल्याची नोंद नसेल तर पुढे कबुली मागे घेता येते. मी ती सूचना इतक्या वेळा हिंदीत सांगितली आहे की झोपेतही म्हणेन.

एका दिवसाचे महत्त्व किती, तेही सांगतो. केंद्राच्या स्थलांतर कायद्यात हद्दपारीसारखे काही परिणाम "एक वर्ष" शिक्षेच्या आकड्याला बांधलेले आहेत. म्हणून कॅलिफोर्नियाने किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा २०१५ पासून ३६५ ऐवजी ३६४ दिवस केली. कैदेत एका दिवसाचा फरक, पण त्यावर एखाद्याचे घरदार टिकते. शिरस्तेदार साहेबांना हा मऊपणा वाटेल. मला तो दोन कायद्यांच्या सांध्यात माणूस चेंगरू नये म्हणून केलेला हिशेब वाटतो.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. वकीलताईंनी सुचवलेल्या वाक्यात मी एक दुरुस्ती करीन. "आरोपी विचारतो आहे की" असे म्हणायचे नाही. दुभाषी बोलणाऱ्याच्याच तोंडून बोलतो : "मी हो म्हटले तर मला सोडतील का?" जसेच्या तसे, प्रथम पुरुषात. स्वतःचे काही सांगायचे असेल, उदाहरणार्थ शब्द कळला नाही किंवा बोली वेगळी आहे, तेव्हाच "दुभाष्याचे म्हणणे असे आहे की" असे म्हणायचे. म्हणजे कोणते वाक्य कोणाचे, याचा घोळ नोंदीत राहत नाही. आणि आरोपी कुठला असावा, याबद्दल मत द्यायला दुभाष्याने सरळ नकार द्यावा. काका, 'पानी'बद्दल तुम्ही सांगितलेत ते खरे आहे, पण ज्या क्षणी सांगितलेत त्या क्षणी तुम्ही दुभाषी न राहता साक्षीदार झालात.

गलाईवाला, विटा

सर्वांचे आभार. कराडकरांचे शेवटचे वाक्य मला लागले, आणि ते लागायलाच हवे होते. खरे सांगतो, परवा रात्री मी मुलाला फोन लावून जलंगीला जाऊन चौकशी करून ये असे सांगणारच होतो. ते काम आता लोकअभिरक्षकांवर सोपवले आहे. ते या आठवड्यात तुरुंगात जाऊन त्याला भेटले. भाषेसाठी मीच सोबत होतो आणि या वेळी तोंडातून स्वतःचे अक्षर काढले नाही. 'पानी'विषयी साक्ष द्यायची वेळ आली तर दुभाषी दुसरा नेमावा, हेही मी त्यांना कळवले आहे.

भेटीत एक गोष्ट उलगडली, ती इथे नोंदवतो. त्या दिवशी "गुन्हा कबूल आहे का?" याचे भाषांतर मी "मेने निच्छो?" असे केले होते. २३ वर्षे दुकानात गिऱ्हाइकांशी भावाची घासाघीस करताना हाच शब्द माझ्या तोंडी होता : एवढ्यात मानतोस का, मिटवायचे का? मुलाने तो तसाच घेतला. त्याला वाटले, समोरून सौदा आला आहे, आणि म्हणून त्याने पुढचा भाव विचारला. न्यायालयाच्या कामाचा बंगाली शब्द वेगळा आहे, "दोष स्वीकार", आपल्याला ऐकताक्षणी कळेल असा. पुढची तारीख सोमवारी आहे. काम सुरू होण्यापूर्वी "दुभाष्याचे म्हणणे असे आहे की मागच्या वेळी प्रश्न चुकीच्या शब्दात विचारला गेला" एवढे सांगून ते रोजनाम्यात घेण्याची विनंती करणार आहे.